राखीव अर्ध्या तासाचे अर्थकारण

होटगी रस्त्यावरच्या सोलापूर विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याकडे नियमित प्रवासी विमान निघाले आणि त्याच वर्षीच्या १५ ऑक्टोबरला मुंबईची सेवा सुरू झाली. श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली जाईपर्यंत जो विमानतळ जिल्ह्यातील वादविवादाचा विषय होता, तो अखेर प्रवाशांच्या उपयोगी पडला. अक्कलकोटला याचे अप्रूप अंमळ अधिक असणे स्वाभाविक आहे. श्री स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी गोव्याहून वा मुंबईहून येणाऱ्या भाविकाला विमानतळावरून वटवृक्ष मंदिर गाठण्यास तासाभराचाच रस्ता उरतो. लॉजवाले, भाड्याच्या गाड्या चालविणारे, हारफुले व प्रसाद विकणारे या सर्वांचा हिशेब त्यामुळे थोडाफार बदलतो. मात्र विमानसेवेविषयी या भागात जी चर्चा होते ती भाडे, वेळापत्रक आणि रिकाम्या राहिलेल्या जागा यांच्याभोवती फिरते. विमानातील वीज हा विषय कोणाच्या तोंडी येत नाही.

वस्तुतः वीज जाणे म्हणजे काय, हे अक्कलकोटच्या नागरिकांना शिकविण्याची आवश्यकता नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने जे भारनियमन भोगले त्याची आठवण ग्रामीण भागात अद्याप ताजी आहे. शेतीपंपाला रात्रीची पाळी आली की विजेरी घेऊन बांधावर जाणारा शेतकरी आणि जिन्याखाली इन्व्हर्टर ठेवणारा शिक्षक, या दोघांनीही राखीव विजेचा व्यवहार आपापल्या परीने केलेला आहे. इन्व्हर्टर विकताना दुकानदार चार तासांची हमी देतो. पहिल्या वर्षी तो चार तास चालतो. तिसऱ्या वर्षी दीड तासातच पंखा मंदावतो. आणि ही गोष्ट घरमालकाला कळते ती मुलाच्या परीक्षेच्या आदल्या रात्री. तोपर्यंत हिरवा दिवा इमानेइतबारे लागलेला असतो. लहान विमानातील राखीव विजेचा बहुतेक सारा प्रश्न या घरगुती अनुभवात सामावलेला आहे. फरक एवढाच की, घरात मेणबत्ती असते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे ड्रीमलायनर कोसळले, तेव्हा विमानाच्या पोटाखालून बाहेर येणाऱ्या एका छोट्या पवनचक्कीची माहिती मराठी घराघरांत पोहोचली. मुख्य शक्ती गेली की वाऱ्याच्या झोतावर फिरून ती अत्यावश्यक वीज निर्माण करते. ही मोठ्या विमानांची सोय झाली. वैमानिकी शिकविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन किंवा चार आसनी विमानाला अशी पवनचक्की नसते. इंजिनाबरोबर फिरणारा एक अल्टरनेटर आणि मोटारीच्या बॅटरीची थोरली बहीण शोभेल अशी एक बॅटरी, एवढीच त्याची विजेची मिळकत. लहान विमानांविषयीच्या अमेरिकेच्या नियमावलीने दीर्घकाळ जे मोजमाप वापरले ते असे: मुख्य वीजपुरवठा पूर्णपणे बंद पडला, तर विमान सुरक्षितपणे उडत ठेवून खाली उतरविण्यास जी उपकरणे अत्यावश्यक आहेत त्यांना बॅटरीने किमान ३० मिनिटे वीज पुरविली पाहिजे. २५ हजार फुटांहून अधिक उंचीवर जाण्याची मान्यता असलेल्या विमानांना हीच मुदत ६० मिनिटांची. म्हणजे बॅटरीच्या रूपाने विमानाचा मालक वीज विकत घेत नाही, तर वेळ विकत घेतो. हा अर्धा तास कोण विकत घेतो, त्याची किंमत कोण देतो आणि तो खरोखरच अर्धा तास आहे की नाही हे कोण तपासतो, हा प्रश्न तंत्रज्ञांइतकाच अर्थशास्त्राच्या कक्षेत येतो.

मॅग्नेटोकडून संगणकाकडे

योगायोग असा की, ज्या १५ ऑक्टोबरला सोलापूरहून मुंबईची सेवा सुरू झाली, त्याच तारखेला १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईस जुहूला उतरले होते. त्यांच्या 'पुस मॉथ' विमानात रेडिओ नव्हता आणि जमिनीवरून मार्गदर्शन करणारी यंत्रणाही नव्हती. त्या विमानात वीज गेली असती, तरी वैमानिकाचे फारसे अडले नसते. पेट्रोलवर चालणाऱ्या विमान-इंजिनात ठिणगी पाडण्याचे काम मॅग्नेटो करतो. इंजिन फिरते तोवर मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतःच निर्माण करीत राहतो. त्याला बॅटरीकडे हात पसरावा लागत नाही. ही व्यवस्था इतकी भरवशाची ठरली की, आजही प्रशिक्षणाच्या असंख्य सेसना विमानांत दोन मॅग्नेटो असतात आणि अल्टरनेटर बंद पडला, बॅटरीही संपली, तरी इंजिन चालूच राहते. विमानाची स्थिती दाखविणारी जुनी फिरती उपकरणेदेखील इंजिनाने चालविलेल्या निर्वात पंपावर चालत. दिवसाउजेडी, निरभ्र आकाशात अशा विमानाची वीज जाणे ही गैरसोय होती, संकट नव्हते. हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे, कारण विमान म्हटले की प्रत्येक बिघाड प्राणघातक असा समज सहज पसरतो.

परंतु गेल्या पंचवीस वर्षांत या विमानांच्या अंतरंगात मोठी उलथापालथ झाली. गोल तबकड्यांच्या जागी दूरचित्रवाणीसारखे पडदे आले. उंची, वेग, दिशा, नकाशा, इंजिनाचे तापमान, सारे एकाच पडद्यावर दिसू लागले. सेसना १७२ या जगभर शिकवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या विमानात असे पडदे आले, तेव्हा उत्पादकाने मुख्य बॅटरीखेरीज एक वेगळी राखीव बॅटरी त्यात घातली. मुख्य पुरवठा गेल्यास अत्यावश्यक उपकरणांना सुमारे अर्धा तास ती सांभाळते. यंत्रात सोय वाढली की राखीव तरतूदही वाढवावी लागते, हे त्याने ओळखले असे म्हणता येईल.

इंजिनाच्या बाबतीत हे ओळखण्यास एक अपघात घडावा लागला. विमानाचे पेट्रोल महाग, त्याचा पुरवठा मोजक्या ठिकाणी. भारताला तर हे इंधन बाहेरून आणावे लागे आणि त्याच्या देशी उत्पादनाचा आरंभ इंडियन ऑइलने २०२२ साली केला. त्यामुळे जेट विमानांचे सर्वत्र मिळणारे इंधन वापरणारी डिझेल पद्धतीची इंजिने लहान विमानांत आली. त्यांचा खप कमी, खर्च कमी. मात्र त्यांचे नियंत्रण मॅग्नेटोकडे नव्हे, तर संगणकाकडे; आणि संगणकाला अखंड वीज हवी. मार्च २००७ मध्ये जर्मनीतील श्पायर येथे डायमंड डीए-४२ जातीचे एक दोन-इंजिनी विमान निघण्याच्या बेतात होते. बॅटरी उतरलेली आढळली. जमिनीवरील यंत्राची वीज जोडून इंजिने सुरू करण्यात आली व विमानाने उड्डाण केले. चाके आत घेण्यासाठी विजेची मोटर चालू होताच दाब क्षणभर खाली गेला. तेवढ्या क्षणात दोन्ही इंजिनांचे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि दोन्ही इंजिने थांबली. विमान धावपट्टीपलीकडे पोटावर उतरले. बाहेरच्या कोणत्याही कारणाने दोन इंजिने एकाच वेळी बंद पडू नयेत म्हणूनच तर दोन इंजिने घ्यायची. येथे एका निकामी बॅटरीने ती दोन्ही एका दोरीला बांधली होती. पुढे या संगणकांना स्वतंत्र राखीव बॅटरी देण्यात आल्या. याच डायमंड घराण्यातील विमानांवर गोंदियाजवळच्या बिरसी येथे भारतीय तरुणांनी वैमानिकीचे शिक्षण घेतले आहे, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावयास हवी.

इंधनातील बचत ताळेबंदात ताबडतोब दिसते. विजेवरील वाढलेले अवलंबन ताळेबंदात कोठेही दिसत नाही. हा दोष त्या एका कारखान्याचा मानण्याचे कारण नाही. खर्च मोजता येतो तेथे मोजायचा आणि जोखीम मोजता येत नाही म्हणून शून्य धरायची, ही हिशेबाची जुनीच खोड आहे.

अक्कलकोट ते सोलापूर

आता अर्धा तास म्हणजे नेमका किती, हे एका साध्या त्रैराशिकाने पाहता येईल. समजा, एका लहान विमानाची बॅटरी नवी असताना १२ अँपिअर-तासांची आहे आणि अत्यावश्यक उपकरणांना २४ अँपिअर लागतात. कागदावर ३० मिनिटे भरतात. निरीक्षक सही करतो. दोन-तीन उन्हाळे काढल्यावर त्याच बॅटरीची धारणशक्ती तीस टक्क्यांनी घटली, तर उरले ८.४ अँपिअर-तास. अल्टरनेटर बंद पडल्याचे वैमानिकाच्या ध्यानात येऊन त्याने अनावश्यक उपकरणे बंद करीपर्यंत पाच मिनिटे गेली आणि तेवढा वेळ सर्व दिवे, दोन्ही रेडिओ व इतर उपकरणे मिळून ३६ अँपिअर खात राहिली, तर आणखी ३ अँपिअर-तास संपले. शिल्लक ५.४. म्हणजे यापुढे साडेतेरा मिनिटे. बॅटरीतून वेगाने वीज ओढली की ती नाममात्र क्षमतेपेक्षाही कमी देते, हा भाग येथे हिशेबात घेतलेलाच नाही. ताशी २०० किलोमीटर वेगाने साडेतेरा मिनिटांत ४५ किलोमीटर जाता येते. अक्कलकोटच्या आकाशातून सोलापूरची धावपट्टी कशीबशी गाठण्याइतके हे अंतर आहे. गुलबर्ग्याला जाण्याचा विचार त्यात बसत नाही.

या हिशेबातील दोन आकडे माणसाच्या हातचे आहेत. पहिला बॅटरीच्या वयाचा. शिशाच्या बॅटरीचा दाब मोजला तर जुनी बॅटरीही पुष्कळदा निरोगी वाटते. तिची खरी धारणशक्ती कळण्यास ती ठरलेल्या प्रवाहाने पूर्ण उतरवून, घड्याळ लावून पाहावी लागते. या चाचणीत मूळ क्षमतेच्या सुमारे ८० टक्क्यांखाली गेलेली बॅटरी बदलावी असा सर्वसाधारण संकेत आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की शिशाच्या बॅटरीचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, हा या क्षेत्रातील ढोबळ नियम. युरोपातील थंड हवेत ठरविलेले आयुर्मान सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याच्या शेडबाहेर उभ्या केलेल्या विमानाला लावणे म्हणजे कोकणातील पावसाच्या आकड्यांवर मंगळवेढ्याची ज्वारी पेरण्यासारखे आहे. चाचणीसाठी विमान काही काळ जमिनीवर ठेवावे लागते आणि तेवढा काळ ते पैसे मिळवीत नाही. चाचणी टळते ती येथे.

दुसरा आकडा पाच मिनिटांचा. अनावश्यक उपकरणे बंद करण्याच्या क्रियेला जगभरचे वैमानिक 'लोडशेडिंग' असेच म्हणतात. महाराष्ट्राला हा शब्द समजावून सांगण्याची वेळ यावी असे नाही. वीजमंडळाच्या भारनियमनात मात्र कोणाचा फीडर आधी बंद करायचा याचे कोष्टक अगोदरच भिंतीवर लावलेले असे. विमानातही तसे कोष्टक असते. ते पाठ आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो.

इलिनॉयमधील एक रात्र

तो प्रश्न किती मोठा आहे, हे ११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्री अमेरिकेत दिसून आले. एअर इलिनॉय या छोट्या कंपनीचे हॉकर सिडली ७४८ विमान स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलकडे निघाले. हे विमान भारतीयांना परके नव्हे. कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बांधलेले आणि इंडियन एअरलाइन्सने वर्षानुवर्षे चालविलेले 'अ‍ॅव्हरो' ते हेच. मागच्या पिढीतील अनेक मराठी प्रवाशांचा पहिला विमानप्रवास याच जातीच्या विमानातून झालेला असेल. आजच्या मापाने ते लहानच.

उड्डाणानंतर दोनेक मिनिटांच्या आत डावे जनित्र निकामी झाले. या विमानाला दोन जनित्रे होती, त्यामुळे येथवर काहीच बिघडलेले नव्हते. परंतु बिघडलेले जनित्र वेगळे काढण्याच्या घाईत सहवैमानिकाच्या हातून चांगले, उजवे जनित्र तोडले गेले आणि ते पुन्हा जोडून घेता आले नाही. आता विमान केवळ बॅटरीवर उडत होते. निघालेला विमानतळ मागे काही मिनिटांच्या अंतरावर होता. पोहोचावयाचा विमानतळ पाऊणएक तासाच्या. रात्र ढगाळ होती. कॅप्टनने नियंत्रण कक्षाला विजेची किरकोळ अडचण असल्याचे कळविले आणि पुढे जाण्याचा निर्णय घेतला.

बॅटरीने तिच्याकडून अपेक्षिलेले काम बव्हंशी केले. निघाल्यापासून सुमारे अर्ध्या तासाने, मुक्काम गाठण्यापूर्वीच, ती संपली. रेडिओ गेला, विमानाची स्थिती दाखविणारी उपकरणे गेली आणि पिंकनीव्हिल गावाजवळ विमान जमिनीवर आदळले. सात प्रवासी व तीन कर्मचारी, असे दहाही जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने कारण नोंदविताना जनित्राच्या बिघाडावर बोट ठेवले नाही. जवळच्या विमानतळावर परत न जाता दूरच्या विमानतळाकडे जाण्याचा कॅप्टनचा निर्णय, हे कारण ठरले. बॅटरी किती वेळ पुरेल याचा त्याने केलेला अंदाज चुकला आणि त्यामागे त्याने स्वतःवर स्वतःच लादलेला मानसिक ताण होता, असे मंडळाचे मत पडले. कंपनीने वैमानिकांच्या उजळणी-प्रशिक्षणाची पुरेशी व्यवस्था केली नव्हती आणि सरकारी यंत्रणेने ती करवून घेतली नव्हती, याचीही नोंद झाली.

या प्रकरणाचा अर्थ केवळ एका माणसाच्या हट्टात शोधणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. लहान कंपनीचे वेळापत्रक घट्ट असते, विमाने मोजकी असतात. एक विमान परत फिरले की पुढच्या साऱ्या फेऱ्या कोलमडतात. परत फिरण्याची किंमत लगेच व खात्रीने मोजावी लागते. पुढे जाण्याची किंमत बहुधा मोजावी लागत नाही. शंभरांपैकी नव्याण्णव वेळा पुढे जाणारा बरोबर ठरतो आणि वेळेचा पक्का म्हणून त्याची वाहवा होते. कोणत्याही संस्थेत अशी वाहवा होत असली, तर तिने राखीव अर्ध्या तासाचा काही भाग आधीच खर्ची टाकला आहे असे समजावे.

चालू खाते आणि मुदत ठेव

वैमानिक विद्यार्थ्यांच्या साध्या विमानात बहुतेक एकच बॅटरी असते व तिच्याकडे दोन कामे असतात: सकाळी इंजिन सुरू करणे आणि आणीबाणीत उपकरणे जिवंत ठेवणे. पहिल्या कामासाठी ती थोडा वेळ पण मोठा प्रवाह देते, दुसऱ्यासाठी कमी प्रवाह पण दीर्घकाळ. पगाराचे चालू खाते आणि आजारपणाची ठेव एकाच पासबुकात ठेवण्यासारखाच हा प्रकार होय. महिनाअखेरीस काय होते हे कारकुनाला सांगावयास नको. इंजिन सुरू करताना दोन-तीन वेळा प्रयत्न फसला, तर बॅटरी अर्धी रिकामी होऊन विमान आकाशात जाते. अल्टरनेटर तिला पुन्हा भरून काढीपर्यंतचा काळ उघड्यावरचा असतो. श्पायरचे विमान तर रिकाम्या खात्यावरच निघाले होते.

सोलापूर-गोवा मार्गावर ज्या एटीआर ७२ जातीच्या विमानाने सेवा सुरू झाली, त्यात मुख्य आणि आणीबाणीची अशा दोन वेगळ्या बॅटरी असतात. ठेव मोडता येत नाही. याच विमानाची दुसरी तऱ्हा मात्र मौजेची आहे. मोठ्या विमानांच्या शेपटीत जमिनीवर असताना वीज व हवा पुरविण्यासाठी एक छोटे इंजिन असते. एटीआरच्या रचनाकारांनी ते गाळले. त्याऐवजी उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेक लावून स्थिर ठेवायचा आणि इंजिन नुसते चालवून वीज घ्यायची, अशी युक्ती त्यांनी काढली. एका यंत्राचे वजन, खरेदी व देखभाल वाचली आणि जेथे जमिनीवर वीज पुरविणारी गाडीही नसेल अशा लहान विमानतळाचा मार्ग त्याला खुला झाला. काटकसर म्हणजे सुरक्षिततेत कपात असे सरसकट समीकरण मांडणाऱ्यांनी या विमानाकडे पाहावे. अनावश्यक यंत्र काढून टाकणे आणि आवश्यक साठ्याला हात लावणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

वजन वाचविण्याचा मोह बॅटरीतही झाला. लिथियमची बॅटरी हलकी व दमदार. पण बिनसली की पेटते. सेसना सायटेशन सीजे-४ या छोट्या जेटमधील लिथियम बॅटरीने २०११ साली पेट घेतल्यावर त्या जातीच्या विमानांना पुन्हा जुन्या धाटणीची बॅटरी बसवावी लागली. जानेवारी २०१३ मध्ये बोस्टन येथे व जपानमध्ये लागोपाठ घडलेल्या प्रकारांनंतर बोइंग ७८७ विमाने जगभर जमिनीवर आणली गेली. त्यात एअर इंडियाची सहा होती. काही किलो वजनाच्या बचतीपायी कोट्यवधींची विमाने आठवडेच्या आठवडे उभी राहिली.

खर्च कोणाच्या खात्यात?

हवाई वाहतुकीस सरकार मदत करते ती आसनामागे. २०१६ च्या 'उडान' योजनेत छोट्या शहरांच्या मार्गांवरील तूट भरून देण्याची तरतूद झाली. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळानेही सोलापूरच्या मार्गासाठी अशी मदत देण्याचे ठरविले. धोरण म्हणून यात गैर काही नाही. मागास भागाला जोडणारी एसटी तोट्यात चालवावी लागते, तसाच हा प्रकार. परंतु अनुदान फेरीवर मिळत असेल, तर रद्द केलेली वा परत फिरविलेली फेरी कंपनीला दुहेरी महाग पडते. नियमित प्रवासी कंपन्यांवर देखरेखीची साखळी बरीच कडक असते, म्हणून तेथे या मोहाला आळा बसतो. खरी चिंता आहे ती वैमानिक घडविणाऱ्या शाळांची.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि शिक्षणाचा खर्च चाळीस लाखांच्या पुढे सहज जातो. पूर्वी हा धनिकांच्या मुलांचा छंद होता. सोलापूर जिल्ह्यातील शिक्षकाचा मुलगा किंवा तहसील कचेरीतील कारकुनाची मुलगी या वाटेने जाऊ लागली, तर त्यांच्या मागे घर गहाण ठेवून काढलेले कर्ज असते. विद्यार्थी पैसे देतो ते तासावर. शाळेचे उत्पन्न तासावर. शिक्षकाचे मानधन अनेक ठिकाणी तासावर. अल्टरनेटरचा इशारा देणारा दिवा लागला, तर ताबडतोब उतरावे हे पुस्तकात लिहिलेले असते. पण उतरल्याने त्या व्यवहारातील तिघांपैकी एकाचाही फायदा होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ साली प्रथमच वैमानिक प्रशिक्षण संस्थांची प्रतवारी जाहीर केली, तेव्हा ३५ संस्थांपैकी एकीलाही वरच्या दोन श्रेणींत स्थान मिळाले नाही. प्रतवारी उघडपणे छापली हे स्वागतार्हच. पालकाला फी भरण्यापूर्वी काही तरी हाती लागले. श्रेणी मात्र संस्थेला मिळते, विमानाला नाही. आणि विद्यार्थी बसतो तो विमानात.

देखभालीचे कागद आज तपासले जात नाहीत असे नव्हे. ते तपासणारा सरकारी अधिकारी वर्षातून काही वेळा येतो, शाळेचा अभियंता रोज सही करतो, आणि ज्याचा जीव व ज्याच्या बापाचे घर पणाला लागले आहे त्या विद्यार्थ्याला मात्र ते कागद पाहण्याचे कारण आहे असे कोणालाच वाटत नाही. बँकेतील ठेवीदाराला ताळेबंद पाहण्याचा अधिकार आहे. सहकारी साखर कारखान्याचा सभासद वार्षिक सभेत उठून हिशेब मागतो, कधी कधी गोंधळही घालतो. उड्डाणाचा तास विकत घेणाऱ्याने मात्र विश्वासावर बसायचे.

यातून वाट काढण्यास नवा कायदा लागेल असे नाही. बिघाडामुळे अर्धवट सोडलेल्या उड्डाणाचे पैसे विद्यार्थ्याकडून घेऊ नयेत आणि शिक्षकाचे मानधनही कापू नये, ही अट संस्थेच्या मान्यतेत घालता येईल. परत फिरण्याची किंमत त्यामुळे संस्थेच्या खात्यात जाईल आणि बॅटरी वेळेवर बदलण्यात तिचाच फायदा राहील. विमा कंपन्यांनी धारणशक्तीच्या चाचणीनुसार हप्ता ठरविला, तर निरीक्षकापेक्षा तो हप्ताच अधिक काम करील. आणि प्रत्येक विमानाची मुख्य व राखीव बॅटरी शेवटी कोणत्या तारखेस पूर्ण उतरवून तपासली, तेव्हा ती किती मिनिटे टिकली, या दोन नोंदी विमानाच्या दाराशी, विद्यार्थ्याला बसण्यापूर्वी वाचता येतील अशा लावाव्यात, एवढी सूचना महासंचालनालयाला एका पानाच्या परिपत्रकाने देता येईल.